अँबॅसेडर काही उठेना

५ जानेवारी २०२५, रविवार

नाही सुरू झाली!

नारळ फोडून झाला, बॉनेटला हळदकुंकू लावून झालं, शेजारच्या सुनंदाबाईंना पेढा देऊन झाला. मग आबांनी किल्ली फिरवली. टक्. बस्स, एवढंच. पुन्हा फिरवली. टक्. सगळे गाडीकडे बघतायत आणि गाडी आमच्याकडे.

दिवाळीपासून आम्ही दोघं, सासरे आणि सून, हे इंजिन खोलून बसलोय. सहा वर्षं गाडी पत्र्याच्या शेडखाली नुसती उभी होती. आबांचा उजवा हात थरथरायला लागला तेव्हापासूनच. मग ठरलं — डोकं आबांचं, हात माझे. ते स्टुलावर बसून सांगायचे, मी करायचे. पिस्टन, रिंगा, व्हॉल्व्ह, चेन. ब्लाउजला हुक लावणाऱ्या या हातांनी मी पूर्ण इंजिन बांधलं, असं आजवर मनात किती वेळा म्हणून झालं! आज नाही म्हटलं.

हे दीपनगरहून खास आले होते. एरवी आठवड्यातून एक दिवस घरी, तोही वीज केंद्राची ड्युटी सांभाळून. हसले नाहीत, एवढं बरं केलं. निघताना मात्र आबांच्या देखत बोलले, "तीस तारखेला आरटीओचं पासिंग आहे. तोवर झाली तर झाली. नाही तर साक्री रोडच्या भंगारवाल्याला मी सांगून ठेवलंय."

आबांनी पेढा अर्धाच खाल्ला.

६ जानेवारी, सोमवार

बॅटरी रिक्षात घालून नेली, चार्ज करून आणली, लावली. हेडलाइट असे लख्ख की समोरच्या भिंतीवरचं चिमणीचं घरटं दिसलं. किल्ली फिरवली. टक्!

आबा म्हणाले, "बॅटरीना दोष नही." मग दोष कोणाचा? ते डोळे मिटून बसले. त्यांच्या डोक्यात आत्ता सगळ्या वायरी उलगडत असणार.

७ जानेवारी, मंगळवार

सापडलं! आणि कुठं — कपडे वाळत घालायच्या दोरीवर!

झालं असं. आबा सकाळी चहा पिता पिता एकदम म्हणाले, "अर्थिंगची पट्टी कुठं आहे?" इंजिनापासून गाडीच्या अंगाला जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची पट्टी. ती नसेल तर करंट जायला वाटच नाही. मी सगळ्या थाळ्या शोधल्या, नटबोल्टांचे सगळे डबे पालथे घातले. शेवटी अक्कांना विचारलं. सासूबाई शांतपणे भाकरी थापत होत्या.

"ती तांबानी पट्टी? काळी पडेल व्हती. चिच लाईसन घासी, दोरीवर टांगी दिधी."

दोन आठवडे ती तिथंच लटकत होती, माझ्या परकराच्या शेजारी! सोन्यासारखी चमकत होती. आबा इतके हसले की स्टुलावरून पडायचेच बाकी होते. किती दिवसांनी असे हसले!

पट्टी बसवली. किल्ली. आणि इंजिन फिरलं! धर्रर्र, धर्रर्र, धर्रर्र. सुरू नाही झालं, पण फिरलं तरी. सुनंदाबाई कुंपणावरून ओरडल्या, "झाली का हो?" मी ओरडले, "अर्धी झाली!"

९ जानेवारी, गुरुवार

धर्रर्र, धर्रर्र. दोन दिवस हेच. फिरते, पण पेटत नाही.

आबांनी मला शाळेतल्या मास्तरासारखं विचारलं, "इंजिनाला जगायला काय लागतं?" मी म्हटलं, पेट्रोल, हवा आणि ठिणगी. "मग एकेक बघ."

पेट्रोल: पाइप काढून बाटलीत धरला. येतंय, जोरात येतंय. हवा: सगळी धुळ्याची हवा मोकळीच आहे. ठिणगी: प्लग काढून इंजिनावर टेकवला, आबांनी किल्ली फिरवली. निळीशार ठिणगी! इतकी सुंदर की मी जवळून बघायला गेले आणि असा झटका बसला की पाना हातातून उडून थेट तुळशीत.

म्हणजे सगळं आहे, तिन्ही. मग अडतंय कुठं? आबा म्हणाले, "बठ्ठं शे, तरी उठत नही." पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला म्हातारा वाटला.

१० जानेवारी, शुक्रवार

आज भडका उडाला. खरोखरीचा!

आबा कार्बोरेटरवर वाकून आत बघत होते, मी किल्ली फिरवत होते. एकदम फट्! कार्बोरेटरच्या तोंडातून जाळ बाहेर, आबा दोन पावलं मागे. देवाची कृपा, डोळे वाचले. मिशीचं उजवं टोक मात्र गेलं. अक्का धावत आल्या, पदरानं तोंड पुसलं, नीट निरखून बघितलं. काही झालं नाही हे कळल्यावर मग तोंड सुटलं, "पन्नास वरीसन्या मिश्या! जयी गयात ना!"

मला हसू आवरेना. अक्कांनाही. आबा हसले नाहीत.

हात पुसत म्हणाले, "इंजिन उलटा जाळ फेकतंय. म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत. चेनच्या खुना मीच जुळाड्यात. मन्हंच चुकनं व्हई." आणि काठी घेऊन घरात गेले.

चेन म्हणजे व्हॉल्व्ह उघडमीट करणारी; तिच्या खुणा आबांनीच वाकून बघून जुळवून घेतल्या होत्या. तिथं चूक असेल तर पुढची सगळी बाजू पुन्हा उघडायची. पंधरा दिवस सहज. आणि तीस तारीख?

१२ जानेवारी, रविवार

काल आणि आज आबा शेडमध्ये आले नाहीत. मिशीचं दुसरं टोकही कापून सारखं करून घेतलं. टीव्हीसमोर बसतात, पण टीव्ही बघत नाहीत. सकाळी मला विचारलं, "आज वार कोणता?" तासाभरानं पुन्हा तेच विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघून टीव्हीचा आवाज वाढवला.

आता कळतंय, त्यांना गाडीचं वाईट वाटत नाहीये. हात गेला ते त्यांनी सोसलं. डोकंही गेलं की काय, याची भीती बसलीय. चाळीस वर्षं धुळे-जळगाव टॅक्सी चालवली. पारोळ्याच्या पुढे भर उन्हात एकट्यानं इंजिनाचं हेड उतरवून बसवणारा माणूस. त्यानं चेनची खूण चुकवावी?

मला नाही वाटत. पण माझ्या वाटण्याला काय अर्थ? मी दोन महिन्यांची मेकॅनिक.

१३ जानेवारी, सोमवार

अभिमनला बोलावलं. ह्यांचा वर्गमित्र, नव्या गाड्यांचं मोठं गॅरेज आहे. कॉम्प्युटरचं मशीन घेऊन आला. अँबॅसेडरभोवती दोन चकरा मारल्या.

"वहिनी, हे मशीन हिला कुठं लावू? हिला तर भोकच नाही!"

पण माणूस चांगला. जुनं मीटर आणायला परत गॅरेजला गेला. एकेका प्लगच्या जागी ते लावून दाब मोजला. चारही सिलिंडर सारखे, भक्कम. म्हणाला, "रिंगा उत्तम, व्हॉल्व्ह वेळेवर बंद होतायत. चेन चुकली असती तर एवढा दाब मिळालाच नसता. कोणी बसवलं हे?"

मी म्हटलं, "मी. आबांनी सांगितलं तसं."

त्यानं मान हलवली आणि कार्बोरेटर काढून घेऊन गेला, साफ करून देतो म्हणाला. मी पळत घरात जाऊन आबांना सांगितलं, "चेन बरोबर आहे! अभिमन म्हणतो!" आबा म्हणाले, "मग सुरू का होत नाही?" आणि तोंड फिरवून बसले.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. माझ्या शिवणक्लासला सुट्टी. कार्बोरेटर घासून पुसून परत आला. लावला. धर्रर्र, धर्रर्र, फट्. गाडीला तिळगूळ द्यायला हवा होता.

१६ जानेवारी, गुरुवार

जळगावला जाऊन आले. ठिणगीला करंट देणारी कॉइल बदलून बघू, असं अभिमन म्हणाला म्हणून. जुन्या गाड्यांचे पार्ट ठेवणारं दुकान आता जळगावलाच उरलंय, प्रेमराजभाऊंचं. बसनं गेले. खिडकीत बसून आबांचा सगळा रस्ता मोजला. या ढाब्यावर त्यांचा टायर फुटला होता. त्या वळणावर टॅक्सीतच एक बाळ जन्माला आलं, आणि त्याच्या आईबापांनी नाव ठेवलं रतिलाल — आबांचं! एरंडोलला गाडी थांबली तर माझ्याच तोंडून निघालं, "इथला चहा चांगला असतो." शेजारची बाई म्हणाली, "तुम्ही इथल्याच का?" मी म्हटलं, "नाही, माझे सासरे."

प्रेमराजभाऊ सत्तरी पार. मोठा चष्मा. कॉइल काढता काढता नाव ऐकलं आणि थांबलेच. "रतिलालभाऊ? धुळ्याचे? अजून आहेत?" मी म्हटलं, आहेत, पण रुसलेत. सगळी कहाणी सांगितली. म्हणाले, "कॉइल घेऊन जा, चाललं नाही तर परत आण. पण सांगू का, ताई, रतिलालभाऊंनी सांगून बांधलेलं इंजिन कॉइलपायी अडायचं नाही. काहीतरी एवढंसं असणार. एवढंसं!" आणि बोटाचं पेर दाखवलं.

मग घरी नेऊन जेवायला घातलं. भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. हिरव्या वांग्याचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं. मी तीन भाकरी खाल्ल्या. त्यांच्या सूनबाई कौतुकानं माझ्या नखांतलं काळं तेल बघत होत्या.

संध्याकाळच्या आत परत. कॉइल लावली. नाही झाली सुरू. भरीत मात्र उत्तम होतं.

१८ जानेवारी, शनिवार

भांडण झालं. हे आले, शेडमध्ये डोकावले. म्हणाले, "दीपमाला, आठवडाभर तुझा क्लास बंद. बायका दारातून परत जातायत. एका डबड्यासाठी?"

मी म्हटलं, डबड्यासाठी नाही. "मग कशासाठी?" आबांसाठी, असं म्हणायचं होतं. म्हणाले नाही. म्हटलं, "मला कळायला हवं म्हणून." तेही खोटं नाहीच.

हे म्हणाले, "आबांना त्रास होतोय ते दिसत नाही तुला? जितके दिवस ती उभी आहे तितके दिवस ते झुरतील. एकदा गेली की विसरतील." ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चिडले होते, पण ते पाणी दिसलं. दोघंही एकाच माणसासाठी भांडत होतो. मी पोळ्या लाटायला गेले.

ठरलं एवढंच — शुक्रवारपर्यंत थांबायचं. चोवीस तारीख. मग भंगारवाला.

१९ जानेवारी, रविवार

आबांनी दाढी केली नाही.

२० जानेवारी, सोमवार

आज पान पुरायचं नाही!

क्लास उघडला. दुपारी सुनंदाबाई मोटरवालं मशीन घेऊन आल्या. शाळेचे गणवेश शिवतात त्या, ऑर्डर अडली होती. "सगळं फिरतंय, सुई खालीवर होतेय, दोरा आहे, पण टाका पडत नाही." मी न बघताच म्हटलं, टायमिंग. सुई खाली जाऊन जराशी वर उचलते, तिथं दोऱ्याचा छोटा फासा पडतो. नेमका त्याच क्षणी खालचा हूक तिथं पोचायला हवा. क्षणभर पुढे-मागे झाला की फासा हुकला.

मशीन आडवं केलं. हातानं चाक फिरवत हुकाची खूण बघू लागले. सुनंदाबाई वाकून बघतायत. म्हणाल्या, "अहो, आली ना खूण वर. घट्ट करा की." मी म्हटलं, "थांबा. ही नाही. सुई एकदा खालीवर होते तेवढ्यात हूक दोनदा फिरतो. खूण दोनदा वर येते. एकदा खरी, एकदा—"

आणि माझं मीच ऐकलं.

स्क्रू ड्रायव्हर तसाच हातात. मी शेडकडे पळाले. सुनंदाबाई मागून, "अहो, माझं मशीन!"

इंजिनाचंही तेच! आबांनीच पहिल्या आठवड्यात समजावलं होतं. पुढची पुली दोनदा फिरते तेव्हा एक चक्र पुरं होतं. पुलीवरची खूण दोनदा वर येते. एकदा पिस्टन हवा दाबून वर येतो, तेव्हा ठिणगी हवी. एकदा जळका धूर बाहेर ढकलून वर येतो, तेव्हा ठिणगी पडून काय उपयोग? खूण मात्र दोन्ही वेळी सारखीच!

पहिला प्लग काढला. भोकावर डाव्या हाताचा अंगठा दाबला. सुनंदाबाईंना पुढून हँडल फिरवायला लावलं. जोर आहे बाईंच्या हातात! हळूहळू... हळूहळू... आणि फुस्स! अंगठा उचलला गेला. आतली हवा अंगठ्याला ढकलतेय! तिथंच थांबवलं. पुलीची खूण बरोबर वर. म्हणजे आत्ता ठिणगी पहिल्या सिलिंडरला जायला हवी.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. चारही वायरींना आळीपाळीनं करंट वाटणारा तो छोटा रोटर. तो बघत होता चार नंबरच्या वायरीकडे. बरोबर उलट्या दिशेला!

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, पण ठिणगी अख्खा एक फेरा चुकून पडतेय. दाराशी पाहुणा येऊन गेल्यावर आपण चहा ठेवतोय!

सुनंदाबाईंना मिठीच मारली. त्यांच्या पांढऱ्या साडीवर माझे दहाच्या दहा काळे ठसे.

*

त्यांचं मशीन नीट करून दिलं, त्या गेल्या. मग एक प्रश्न आला. डिस्ट्रिब्युटर फिरवणारी ती आतली दांडी बसवली कोणी?

याच वहीची मागची पानं उलटली. माझंच अक्षर. "२७ डिसेंबर. आबा चहाला आत गेले. मी म्हटलं, बघू तरी एकटीला जमतं का. पुलीची खूण वर आणली, दांडी टाकली. पहिल्या फटक्यात बसली! आबांना नुसतं सांगितलं, झालं. ते म्हणाले, शाब्बास."

शाब्बास!

दहा दिवस तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसलाय, माझी चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन.

खरं लिहायचं तर एक वाईट विचारही आला. झाकणावरच्या वायरी अदलाबदल केल्या — एकची चारला, तीनची दोनला — तर गाडी आत्ता उठेल. म्हणता येईल, कॉइल ढिली होती. कोणाचीच चूक नाही. मीही शाब्बास, आबाही शाब्बास.

पण मग आबांच्या मनातलं तसंच राहील ना? कॉइल सुधारली तरी खुणा आपण चुकवल्याच असणार, असंच त्यांना वाटत राहील.

उद्या सकाळी सांगते. काय म्हणतील ते म्हणोत.

२१ जानेवारी, मंगळवार

सांगितलं.

चहा दिला, समोर बसले, वही उघडून ते पान त्यांच्या मांडीवर ठेवलं. चष्मा लावून त्यांनी वाचलं. दोनदा. मी म्हटलं, "आबा, पुलीची खूण दोनदा येते हे तुम्ही मला सांगितलं होतं. मी विसरले. दांडी मी उलटी टाकली. चेन तुम्ही जुळवली ती बरोबर आहे. सगळं बरोबर आहे. माझं चुकलं, आणि मी तुम्हाला दहा दिवस—"

चहाचा कप उगाच पुढे सरकवला.

आबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता रागावतील. बावीस वर्षांत कधी रागावले नाहीत, आज रागावतील.

"तू बसाडी?"

"हो."

"मी नही?"

"नाही आबा. तुम्ही चहाला गेला होतात."

त्यांनी वही मिटली. चेहरा असा उजळत गेला की मी काय सांगू! "माले वाटनं, मन्हं डोकंच गयं," म्हणाले. आणि आत ओरडले, "अवं, ऐकलं का? मन्हं डोकं जागावर शे! हिनी चूक करी!"

माझ्या चुकीचा एवढा आनंद कोणालाच कधी झाला नसेल. अक्का बाहेर आल्या, आबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

आबा दाढी करून, टोपी घालून शेडमध्ये. स्टुलावर. मी म्हटलं, "आबा, वायरी बदलल्या तर दोन मिनिटांत—" त्यांनी हात वर केला. "तारा बदली तरी चाली जाई. पन उद्या दुसरा कोणी उघाडी, तो फसी. दांडीच काढ."

मग मी डिस्ट्रिब्युटर उतरवला. लांब बोल्ट दांडीत आवळून ती वर ओढली. निघेना. आबा म्हणाले, "ओढू नको, फिरवत फिरवत." निघाली. या वेळी आधी अंगठा — माझा नाही, आबांचा. भोकावर ठेवला. थरथरत होता, पण ठेवला. मी हँडल फिरवलं. हवा आली, अंगठा उचलला. आबांनी मान हलवली, "आता टाक." खूण बघून, खाच बघून, दांडी सोडली. डिस्ट्रिब्युटर, झाकण, वायरी. एक-तीन-चार-दोन.

किल्ली आबांनी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, तुम्ही. म्हणाले, "चूक तुझी, किल्ली तुझी."

धर्रर्र— आणि धडाड!

उठली! पहिल्या फटक्यात उठली! काळा धूर, मग पांढरा, मग काहीच नाही, नुसता तो आवाज. पाण्याचा नळ सोडावा तसा सलग. छपरावरचे पत्रे थरथरतायत. सुनंदाबाई कुंपणावर चढल्या. अक्का दारात उभ्या, पीठ लागलेले हात वर करून, "सुरू व्हयनी वं! सुरू व्हयनी!" आबा बॉनेटवर हात ठेवून उभे. गाडी थरथरत होती म्हणून त्यांच्या हाताचं थरथरणं दिसतच नव्हतं.

ह्यांना फोन लावला आणि बोललेच नाही, नुसता फोन इंजिनापाशी धरला. पलीकडून, "आबा कुठायत?" मी म्हटलं, "हसतायत."

२२ जानेवारी, बुधवार

भंगारवाल्याला ह्यांनी स्वतः फोन करून नाही म्हटलं.

२६ जानेवारी, रविवार

सोनगीरपर्यंत गेलो. हे चालवत होते, आबा शेजारी, मी आणि अक्का मागे. नवीन रिंगा आहेत म्हणून चाळीसच्या वर जायचं नाही, असा आबांचा हुकूम. हायवेवर ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला ओलांडून गेले. एकानं हॉर्न वाजवला तर आबांनी राजासारखा हात हलवला. किल्ल्याखाली गाडी थांबवून पुऱ्या आणि भरीत खाल्लं. परतताना आबा प्रत्येक फाट्याला नाव घेऊन काही ना काही सांगत होते. वार त्यांनी एकदाही विचारला नाही. उलट मीच म्हटलं आज शनिवार, तर म्हणाले, "रविवार शे, सव्वीस तारीख. झेंडा नही देखा का?"

३० जानेवारी, गुरुवार

पासिंग झालं!! साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, दिवे, ब्रेक, हॉर्न, सगळं बघितलं. इंजिन बघून विचारलं, कोणत्या गॅरेजला काम केलं? हे म्हणाले, "घरीच. माझ्या बायकोनं." असं म्हणाले! सगळ्या लोकांसमोर!

आज क्लासमध्ये सगळ्या बायकांना शेवभाजी खाऊ घातली.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी इंजिनाचा आवाज आला. हे तर काल संध्याकाळीच दीपनगरला गेले. आबा चालवतायत की काय, या भीतीनं मी तशीच ओल्या हातांनी धावले. आबा डाव्या सीटवर होते, टोपी घालून, निवांत. आणि स्टिअरिंगवर, पदर कमरेला खोचून, चष्मा नाकावर — अक्का!

क्लच दाबला, गिअर टाकला. आवाजसुद्धा झाला नाही. शेडमधून उलटी काढली, आमच्या त्या अरुंद गल्लीत एका दमात वळवून माझ्यासमोर उभी केली.

आबा म्हणाले, "पिंपळनेरले हिना बापनी जीप व्हती. सोळा वरीसनी असताना ही चालाडे. मी ट्रकवर क्लीनर. लगीन व्हयनं आनि पांझरा नदीना कोरडा पात्रात — ताईबाईनीच माले शिकाडं." अक्कांचं नाव त्यांच्या तोंडून मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

अक्कांनी माझ्याकडे बघितलंही नाही. कान इंजिनाकडे.

"बस मांगे," म्हणाल्या. "गल्लीना टोकलगून जाऊ, मंग मन्हं लायसन काढाले. आनि आयक, टायमिंग अजून जराखं मांगे शे."